"कोमट बिअर" म्हणणाऱ्यांना: रिअल एल आणि ती जिथे प्यावी असे पब

शेफील्डवासी

परवा लंडन ट्रिपच्या धाग्यात एका सदस्याने लिहिलं की रिअल एल (इंग्लिश पबांतली पिंपातून काढलेली पारंपरिक बिअर) म्हणजे कोमट, गॅस गेलेली बिअर, गोऱ्यांना आवडते म्हणून आपले लोक आवडल्याचं सोंग करतात, त्यापेक्षा सरळ गार लागर (आपल्याकडे बाटलीत मिळते तसली फिकट बिअर) घ्यावी. त्यावर धडाधड +१ पडले. तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो पण ते वाढतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

कोमट नसते हो. पबच्या तळघरात ११ ते १३ डिग्रीला ठेवतात. फ्रिजमधलं पाणी आणि माठातलं पाणी यात जो फरक आहे तोच इथे आहे, आणि माठाच्या पाण्याला कोणी कोमट म्हणत नाही. दात आंबेपर्यंत गार केलेल्या कुठल्याही गोष्टीची चव लागत नाही, आमरस फ्रीझरमधून काढून लगेच खाऊन बघा.

दुसरं म्हणजे ती जिवंत असते. केगमधली, म्हणजे गॅस जोडलेल्या धातूच्या बंद पिंपातली बिअर गाळून, बहुतेक वेळा पाश्चराइज करून, वरून कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर ढकललेली. कास्कमध्ये म्हणजे पिंपात यीस्ट असतं आणि पबात आल्यावरही ती आंबत असते, जी बारीक फसफस असते ती तिची स्वतःची. सत्तरच्या आसपास मोठ्या ब्रुअऱ्यांनी हे सगळं बंद करून वॉटनीज रेड बॅरलसारखा केगचा माल गळ्यात मारायला सुरुवात केली तेव्हा १९७१ मध्ये चार मित्रांनी आयर्लंडच्या सहलीवर असताना रिअल एल वाचवायला कॅमरा ही संघटना काढली. ती नसती तर आज हे प्यायला मिळालंच नसतं.

आता मुद्द्याचं. आपल्या लोकांना रिअल एल आवडत नाही याचं खरं कारण चुकीचे पब. जुने लाकडी खांब, शेकोटी, भिंतीवर घोड्यांची चित्रं बघून आत शिरतात. ते बघायचंच नाही! एक फर्किन, म्हणजे पबातलं नेहमीचं पिंप, नऊ गॅलनचं, ७२ पाइंट (पाइंट म्हणजे तिथला मोठा ग्लास). पिंप उघडलं की हवा आत जाते आणि तीन दिवसांत संपवावं लागतं, म्हणजे एका बिअरीचे रोज २४ पाइंट खपले पाहिजेत. मंगळवारी दुपारी रिकाम्या पबात दहा हँडपंप (पिंपातली बिअर ओढायचे बारवरचे दांडे) दिसले तर बाहेर पडा, आणि तीनच हँडपंप असून बारपाशी गर्दी असेल तर डोळे मिटून घ्या. पंपावरची बिअरीच्या नावाची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपलीय किंवा अजून तयार नाहीये, अशी पाटी दिसली की मला बरं वाटतं, मालक कच्चा माल ओतत नाहीये याची खात्री पटते.

माझा स्वतःचा पहिला पाइंट सरळ व्हिनेगर होता. युनिव्हर्सिटीजवळचाच एक पब. बारवाल्याला सांगितलं तर म्हणाला ही अशीच असते. मी नवीन, मला काय कळणार, प्यायलो पूर्ण. त्यानंतर दोन वर्षं हात लावला नाही. मग ऑफिसातला एक साठीचा सहकारी केलम आयलंड टॅव्हर्नला घेऊन गेला (हा पब २००८ आणि २००९ असा लागोपाठ दोनदा कॅमराचा देशातला सर्वोत्तम पब ठरलाय). पहिल्या घोटाला कळलं की आपली दोन वर्षं फुकट गेली. तो राग अजून आहे.

क्रॉयडनचा_कोथरूडकर

तो सदस्य मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तुमच्याच पोस्टमध्ये तुमचा पहिला पाइंट व्हिनेगर निघालाय. आता वर ७२ भागिले ३ करायचं, मंगळवार आहे का बघायचं, पाटी उलटी का सुलटी बघायचं. दिवसभर ऑफिसात एक्सेल करून आलोय, सहा-साडेसहा पाउंड मोजतोय, मला एक गार ग्लास हवाय. लागर क्रॉयडनला आणि डरहॅमला सारखीच लागते, यात कमीपणा कसला? आणि सोंगाचं म्हणाल तर डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या टीममधला एक मुलगा मॅनेजर असेल तरच एल घेतो.

निशा_लीड्स

शेफील्डवासी, एवढं लिहिलंत आणि स्पार्कलरबद्दल अक्षर नाही?? नळाच्या तोंडाला ती बारीक भोकांची चकती लावली की फेस सायीसारखा येतो आणि शेवटच्या घोटापर्यंत टिकतो. क्रॉयडनकरांना जी गॅस गेलेली वाटते ती दक्षिणेत चकतीशिवाय ओतलेली बिअर आहे. इकडे यॉर्कशरमध्ये टिमथी टेलरची लँडलॉर्ड पिऊन बघा मग बोलू.

ब्रायटन_बंदर

निशाताई, असहमत. चकतीने तो फेस येतो तो बिअरीतलाच गॅस आणि वास बाहेर काढून. हार्वीजची ससेक्स बेस्ट चकतीतून ओता, तिचं वाटोळं होतं. लूइसला ब्रुअरीच्या शेजारी बसून प्यायलोय, काठोकाठ, फेसाचा पातळ थर फक्त. उत्तरेत फेस मोजून पैसे घेतात. पाइंट म्हणजे ५६८ मिली, त्यात फेस किती चालवून घ्यायचा?

निशा_लीड्स

टॉप-अप मागा, निमूटपणे भरून देतात. न मागता तक्रार करू नका.

सात्त्विक

सगळे चवीवर बोलताय, पण यात मासा असतो हे कोणीच कसं सांगत नाही?

मी जन्मापासून शाकाहारी. इथे आल्यावर आठ वर्षं आनंदाने एल प्यायले, ब्रुअरी टूरला गेले तेव्हा कळलं की बिअर नितळ व्हावी म्हणून पिंपात इसिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या पोटातली वाळवलेली पिशवी. गाइड हसत हसत सांगत होता आणि माझ्या पोटात ढवळत होतं. आठ वर्षं! एका पाटीवर नाही, एका मेन्यूवर नाही.

मालवणी_माणूस

ताई, त्याला आपल्याकडे भोत म्हणतात. घोळ माशाची भोत. २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या बोटीला दीडशेवर घोळ लागले आणि ते एक कोटीच्या वर गेले ते या भोतीमुळेच. जुन्या काळी मुंबईहून वाळवलेल्या भोती चीनला आणि विलायतेलाही जायच्या. म्हणजे तुमच्या त्या नितळ बिअरीत कोळ्यांचे कष्ट होते, ते कोणी लिहीत नाही.

आणि दुसरं, ती ग्लासात येत नाही. ती यीस्टला धरून पिंपाच्या तळाशी बसते, वरची नितळ बिअर तेवढी ओढतात. एवढा त्रास करून घेण्यासारखं काही नाहीये.

सात्त्विक

त्रास करून घ्यायचा की नाही ते मी ठरवणार. माझ्या आईने आयुष्यभर केकला हात लावला नाही अंड्यासाठी. अंडं भाजून गेलं, आता राहिलंय कुठे, असं तिला सांगितलं असतंत का तुम्ही? तळाशी बसलं म्हणजे नव्हतंच असं होत नाही.

मालवणी_माणूस

मी सांगितलं असतं. आमच्याकडे सकाळची माडी आणि संध्याकाळची माडी यात जमीन-अस्मानाचा फरक, त्यात माशी-मुंगी काय काय पडतं, गाळून पितात. बिअर प्यायची आणि भोतीला नावं ठेवायची हे मला पटत नाही. दारू चालते, मासा बाटवतो! कोकणात वाढलेल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटतं, आमच्या ताटाला नाक मुरडणारे शेजारी आठवतात.

सात्त्विक

मी तुमच्या ताटाबद्दल एक शब्द बोलले नाहीये. माझ्या ग्लासात काय आहे ते मला सांगा, एवढंच म्हणतेय. शेजाऱ्यांचा राग माझ्यावर काढू नका.

शेफील्डवासी

दोघांनीही जरा सबुरीने. सात्त्विक, तुमचा मुद्दा मला आधी आवडला नव्हता, धागा भलतीकडे चालला म्हणून चिडलोही, पण तपासलं तर तुमचं म्हणणं बरोबर निघतंय. लेबलवर मासा सांगावा लागतो, पण बिअर आणि वाइन नितळ करायला वापरलेल्या इसिंग्लासला त्या नियमातून सूट आहे. हे चुकीचंच आहे. उपाय मात्र आहेत. ब्रिस्टलची मूर ब्रुअरी कितीतरी वर्षं इसिंग्लास न घालता कास्क करतेय, बिअर थोडी ढगाळ दिसते, चवीला उत्तम. गिनेसनेही २०१५ मध्ये इसिंग्लास सोडणार असं जाहीर केलं आणि नंतर सोडलं.

क्रॉयडनचा_कोथरूडकर

म्हणजे आता गणित, पाटी, चकती आणि वर मासा. बहुतेक लागर मशीनमधून गाळलेली असते, तिथे हा प्रश्न येत नाही. नोंद करून ठेवा.

देवळालीकर

हे सगळं पुण्यात मिळतं, त्यासाठी विलायत कशाला? डूलाली या ब्रुअरीने २००९ मध्ये पुण्यात सुरू केलं. नावसुद्धा आमच्या देवळालीचं. परतीच्या बोटीची वाट बघत आमच्या कॅम्पात अडकलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत वेडसर या अर्थाचा डूलाली शब्द आला.

शेफील्डवासी

देवळालीकर, ती बिअर ताजी असते आणि मी सुट्टीत आलो की पितोच, पण ती कास्क नाही. टाकीतून गॅसवर येते. वेगळी गोष्ट आहे.

स्मेदिकची_सून

बराच वेळ नुसती वाचत होते. ते जुने खांब आणि शेकोटी वगैरे वाचून मात्र लिहावंसं वाटलं.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर पंजाबी, बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकचं. सासरे साठच्या दशकात इथल्या फाउंड्रीत लागले. शिफ्ट संपली की भट्टीतून घामाने चिंब होऊन बाहेर यायचे आणि पबात गेलं की गोऱ्यांच्या खोलीत बसू द्यायचे नाहीत, काही ठिकाणी तर दारातूनच परत. मार्शल स्ट्रीटवर घरंसुद्धा आपल्याला विकायची नाहीत असा घाट होता, १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तो रस्ता बघायला आले होते. इंडियन वर्कर्स असोसिएशनची माणसं मुद्दाम अशा पबात जाऊन बसायची. पुढे यातलेच कित्येक पब आपल्या लोकांनी चालवायला घेतले. आज त्यांना देसी पब म्हणतात, मिक्स ग्रिलचा धूर रस्त्यापर्यंत येतो.

तुमच्या हिशोबाने आमचा कोपऱ्यावरचा पब बघा दादा. हँडपंप एकच. फुटबॉल असेल त्या दिवशी अख्खं पिंप संपतं. फाउंड्रीतून रिटायर झालेले सासऱ्यांचे मित्र कोळशावरच्या चॉप्सबरोबर माइल्ड ही सौम्य एलच पितात, कारण दिवसभर भट्टीपाशी उभं राहिल्यावर हलकी आणि भरपूर लागायची, ती सवय. त्यांना कोणी सोंग करतात म्हणालं तर मला सहन होणार नाही. चांगला पब कसा ओळखायचा हे माझ्या सासऱ्यांना विचारा, ज्या दारातून हाकललं त्याच दारात आता त्यांची खुर्ची राखून ठेवतात.

निशा_लीड्स

ताई, हे वेगळा धागा काढून लिहा, खरंच. माझी चकती यापुढे काहीच नाही.

पण एक सांगते, क्रॉयडनकरांच्या बाजूने पडलं तरी सांगते. हँडपंप दिसला म्हणजे रिअल एल असं आता राहिलेलं नाही. २०२४ मध्ये कार्ल्सबर्ग मार्स्टन्सने "फ्रेश एल" काढली, ती केगची आणि ओढायची हँडपंपाने. कॅमराने आक्षेप घेतला. ज्याला शिकायचंय त्याची ही फसवणूक आहे. त्याच वर्षी त्याच कंपनीने बर्टनमधली युनियन पद्धतही (एकमेकांना जोडलेल्या लाकडी पिंपांत बिअर आंबवायची) बंद केली, त्यातला एक सेट थॉर्नब्रिज या ब्रुअरीने उचलला म्हणून वाचला.

क्रॉयडनचा_कोथरूडकर

स्मेदिकताई, सोंग हा शब्द तुमच्या सासऱ्यांसाठी नव्हता. मागे घेतो. आमच्या टीममधल्या त्या मुलापुरता ठेवतो.

शेफील्डवासी, गुरुवारी कामासाठी उत्तरेत जातोय, शेफील्डला गाडी बदलायची आहे, मध्ये पन्नास मिनिटं आहेत. एक जागा सांगा. एकच.

शेफील्डवासी

स्टेशनच्या बाहेरसुद्धा पडायला नको. प्लॅटफॉर्म एकवर शेफील्ड टॅप आहे, जुन्या काळची रेल्वेची रिफ्रेशमेंट रूम, कित्येक वर्षं बंद पडून मोडकळीला आली होती ती दुरुस्त करून उघडलीय. खांब-आरसे सुंदर आहेत पण त्यासाठी सांगत नाहीये, खप आहे म्हणून सांगतोय. आधी चव मागा, छोट्या ग्लासात देतात. मग हाफ, म्हणजे अर्धा पाइंट घ्या. आंबट लागली तर परत करा, गप्प बसून पिऊ नका.

सात्त्विक

आणि इसिंग्लास आहे का तेही विचारा.

क्रॉयडनचा_कोथरूडकर

जाऊन आलो. दोन हाफ. पहिली फिकट होती, ठीक. दुसरी काळी, ती आवडली, इतकी की पुढची गाडी पकडली. कोमट नव्हती हे मान्य. महाग आहे हे कायम, आणि पन्नास मिनिटांत एक जागा चांगली निघाली म्हणून माझ्या घराजवळची सुधारत नाही, त्यामुळे क्रॉयडनला लागरच.

सात्त्विक, बारवरच्या मुलीला विचारलं. तिला माहीत नव्हतं, आत जाऊन पिंपावरचं लेबल वाचून आली. एकीत मासा नाही म्हणाली. पाटीचा फोटो टाकलाय.

सात्त्विक

फोटो उघडत नाहीये. नाव टाइप करा.