मदत हवी: पावागडाच्या पायथ्याशी डोंगरी धावण्याच्या वाटा (बडोदा)

विश्वामित्रीकाठ

नमस्कार मंडळी. सपाटीवर २१ किलोमीटर सव्वादोन तासांत होतात. डिसेंबरच्या मध्यावर सह्याद्रीत तेवढ्याच अंतराची डोंगरी शर्यत आहे, पण एकूण चढ ९०० मीटर. हातात १३ आठवडे आहेत. बडोद्यात चढ शोधायचा तर उड्डाणपूल सोडून काही सापडत नाही, म्हणून चांपानेर गाव धरून पावागडावर सराव करावा असा विचार आहे. नेमकी कुठली वाट धरायची? दर रविवारी माथ्यावरच्या कालिकामातेच्या देवळापर्यंत पळत जाऊन परत आलं की पुरे का? बूट रस्त्यावरचेच आहेत, चालतील? उतारावर उजवा गुडघा कुरकुरतो, सपाटीवर नाही. शिवाय जांबुघोडा किंवा रतनमहालच्या जंगलात पळता येतं का, तेही सांगा.

चढउतार

दर रविवारी देवळापर्यंत, हा बेत आधी रद्द करा. माची म्हणजे गडाच्या मध्यावरचा टप्पा, गाडीरस्ता तिथवर जातो. तिच्या वरचा रस्ता मुख्यतः पायऱ्यांचा आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे माणसांची रांग असते. पायऱ्यांवर पावलाची लांबी तुम्ही ठरवत नाही, गवंडी ठरवतो. शर्यतीतली वाट मुरुमाची, दगडाची, कधी गवताची असेल. तिथे प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. तो सराव पायऱ्यांवर होत नाही.

तुमच्या कामाचा पट्टा चांपानेर ते माची, आणि तोही गाडीरस्त्याने नव्हे. गाडीरस्ता सुमारे पाच किलोमीटर वळसे घेत जातो आणि वळणांवर जीप अंगावर येतात. जुनी पायवाट त्याच्यापेक्षा तोकडी आणि उभी आहे. किल्ल्याचे दरवाजे, तटबंदी, सात कमान हे सगळं त्याच बाजूला लागतं. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा एकूण चढ सहाशे मीटरहून जास्त धरा, त्यातला साधारण निम्मा माचीपर्यंत संपतो. म्हणजे चांपानेर-माची तीनदा केलंत की तुमच्या शर्यतीचा चढ जवळजवळ भरला.

रविवारचा आराखडा असा ठेवा. चांपानेरला उतरल्यावर थेट चढाला लागू नका. गावातून वडा तलावाकडे जाऊन परत या, तीन-चार किलोमीटर होतात आणि पोटऱ्या मोकळ्या होतात. मग माची. पहिल्या तीन वेळा एकच फेरी, पुढे दोन, नोव्हेंबरात एकदाच तीन. दोन लांब फेऱ्यांमध्ये १० ते १४ दिवस ठेवा, मधल्या रविवारी सपाटीवर पळा.

चढावर किलोमीटरचा वेग बघू नका, तो बघून फक्त वाईट वाटतं. तासाला किती मीटर चढलो ते मोजा. हौशी धावणाऱ्याला ५०० मीटर प्रतितास हा चांगला आकडा आहे. बोलताना वाक्य तुटायला लागलं की चाला, हात मांडीवर ठेवून, पाठ न वाकवता. उभ्या चढावर जोरात चालणारा आणि रखडत पळणारा बरोबरच पोचतात, फक्त पळणाऱ्याचं इंधन आधी संपतं.

दांडिया_बझार

+१, पण गुडघ्याचं राहिलं. सपाटीवर न दुखता उतारावरच दुखतं याचं नेहमीचं कारण म्हणजे लांब टांग आणि टाचेवर पडणारं पाऊल. गुडघा सरळ असताना टाच टेकली की सगळा धक्का सांध्यात जातो. पावलं आखूड करा, मिनिटाला १७५ ते १८० पडली पाहिजेत. पाय शरीराच्या खाली टेकवा, पुढे नाही. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे. हात थोडे बाहेर, तोल त्यांनी सांभाळायचा.

दुसरं कारण मांडीच्या पुढच्या स्नायूंचं. उतारावर ते ताणले जात असतानाच जोर लावतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडवतात. हे दुखणं २४ ते ४८ तासांत शिगेला जातं आणि मग ओसरतं. गंमत अशी की एकदा हा मार बसला की पुढचे काही आठवडे स्नायू तेवढ्याच उताराला कमी दुखतात. म्हणून उताराचा सराव शेवटी ठेवू नका, लवकर सुरू करा, थोडा थोडा. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या किमान १० दिवस आधी.

पहिल्या दोन वेळा वर चढून गेल्यावर एसटीने खाली या. माची ते चांपानेर बस चालते. यात कमीपणा काही नाही, चढाचा व्यायाम पूर्ण मिळतो आणि गुडघा वाचतो. मात्र सांध्याला सूज आली, गुडघा अडकला किंवा दुखणं एका बिंदूवर टोचतंय असं वाटलं तर इथे विचारत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

विश्वामित्रीकाठ

मनापासून धन्यवाद. म्हणजे या रविवारी माची एकदा, उतरताना एसटी. बूट आणि पावसाचं काय?

काळा_पत्थर

या रविवारी नको. सप्टेंबर आहे. पायवाटेचा दगड काळा आणि गुळगुळीत, पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळाचा थर चढतो, आणि त्यावर कुठल्याच बुटाची पकड लागत नाही, महागड्याचीही नाही. फरशी जितकी जुनी आणि रहदारीची तितकी जास्त निसरडी. उलट मुरुमाच्या वाटेवर पावसातही पाय धरतो. पाऊस थांबून आठ-दहा दिवस कडक ऊन पडू द्या.

त्यानंतर लगेच नवरात्र येतं. आसो (म्हणजे आश्विन) आणि चैत्र, दोन्ही नवरात्रांत गडावर पाय ठेवायला जागा नसते; त्या नऊ दिवसांत आणि पौर्णिमेला धावायला जाऊ नका. लोक अनवाणी दर्शनाला चाललेले असतात, त्यांच्यातून घड्याळ बघत पळणं बरं दिसत नाही. कोजागिरी उलटली की सुरू करा. तरीही तुमच्याकडे सात-आठ आठवडे उरतात.

बुटांना तळाला ४ ते ५ मिलिमीटरच्या खुंट्या पुरेत. त्याहून खोल खुंट्या चिखलासाठी. कोरड्या दगडावर त्या वाकतात आणि पाऊल डळमळतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा किंचित फुगलेले असतात. नाडीचं शेवटचं भोक वापरून घोटा आवळा म्हणजे पाय पुढे सरकत नाही. रस्त्यावरचे बूट कोरड्या वाटेवर एकदोनदा चालतील, पण तळ मऊ असल्याने टोकदार दगड पायाला जाणवतो.

चढउतार

नवरात्राचा मुद्दा बरोबर, मी आठवडे मोजताना तो धरला नव्हता. माझ्या आराखड्यातल्या पहिल्या तीन फेऱ्यांच्या दोन करा, दोन फेऱ्यांचा रविवारही दोनदाच.

तोवर बडोद्यात: १० मजली इमारत, मजल्याला ३ मीटर धरले तर एका चढाईत ३० मीटर. दहा वेळा चढलात की ३०० मीटर झाले, म्हणजे जवळजवळ एक माची. सुरुवातीला खाली येताना लिफ्ट घ्या. आठवड्यातून एकदा हे, आणि एकदा सिंधरोट किंवा वासदकडची मही नदीची कोतरं, म्हणजे काठच्या मातीतल्या घळी. चढ छोटे असतात, पण माती भुसभुशीत आणि वळणं अचानक, त्यामुळे घोट्याला चांगली सवय होते. पाऊस पडल्यावर मात्र कोतरांच्या कडा ढासळतात, काठापासून दूर राहा.

तुमचं नाव विश्वामित्रीकाठ आहे म्हणून सांगतो: पावागडावरून निघालेली ही नदी बडोद्यात येईपर्यंत मगरींची होते. तिच्या उतरणीवर चढ-उतार करायचा मोह टाळा, निदान पावसाळ्यात तरी.

मोहाचं_झाड

जंगलाबद्दल. जांबुघोडा आणि रतनमहाल दोन्ही अभयारण्यं आहेत, वनखात्याची परवानगी न घेता आत पळायला जाऊ नये. रतनमहाल तर अस्वलांसाठीच राखलेलं, आणि बिबट्या दोन्हीकडे आहे. धावण्याची नेमकी आवडती वेळ, म्हणजे उजाडायच्या आधीची, तीच अस्वलाची. मोहाची फुलं पडतात त्या मार्च-एप्रिलमध्ये धोका सर्वांत जास्त, कारण अस्वल झाडाखाली फुलं खाण्यात गुंग असतं आणि आवाज न करता पळत येणारा माणूस त्याला एकदम समोर दिसतो. दचकलेलं अस्वल पळून जाण्याऐवजी अंगावर येतं. जायचंच असेल तर ऊन वर आल्यावर, चौघे-पाच जण बोलत, सोबत गावातला माणूस घेऊन, आणि चालत. कानात गाणी नकोत.

पावागडावर त्रास माकडांचा. खाणं हातात धरू नका, प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की संपलं.

दांडिया_बझार

पाण्याचं राहिलं. थंडीत तासाला अर्धा लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात पाऊण. दीड तासाच्या वर जाणार असाल तर त्यात ओआरएस घाला. नुसतं पाणी पीत राहिलात तर मळमळतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, घट्ट केलं तर पोट बिघडतं. माचीवर दुकानं आहेत, त्यामुळे दोन लिटर पाठीवर वाहायची गरज नाही, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुष्कळ.

विश्वामित्रीकाठ

एक शेवटचं. घड्याळ उंची चुकीची दाखवतं असं ऐकलंय. त्यावर भरवसा ठेवू का?

काळा_पत्थर

उपग्रहावरून उंची काढणारं घड्याळ कड्याखाली गडबडतं, आकडा वरखाली उड्या मारतो आणि त्या सगळ्या उड्या चढात मोजल्या जातात. हवेच्या दाबावर चालणारं बरं, पण हवामान बदललं की तेही सरकतं. निघताना चांपानेरला दिसणारा आकडा लिहून ठेवा, परत आल्यावर त्याच जागी पुन्हा बघा. फरक १० मीटरच्या आत असेल तर ठीक. नाहीतर सरळ फेऱ्या मोजा, माची जागची हलत नाही.

बडोद्याच्या मध्यवर्ती स्थानकावरून पावागडच्या बस पहाटेपासून मिळतात. नोव्हेंबरातही नऊ वाजेपर्यंत तुमची शेवटची फेरी उतरून झालेली हवी, त्यानंतर वाटेवर यात्रेकरूंची गर्दी वाढते.