अनुभव धागा: मंडळीतली 'नजर'

नाताळच्या तयारीच्या मीटिंगा सुरू झाल्या की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास निघतात: वर्गणी, आणि कोण किती ख्रिस्ती आहे याची उजळणी. दुसऱ्याचे दोष काढू नका हे मत्तय 7 मध्ये स्वच्छ लिहिलंय, पाठही सगळ्यांना आहे. तरी सगळं चालतंच. सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळींनी आपापले अनुभव इथे लिहावेत. चर्च, पाळक, कमिटीवाले, कुणाचंही नाव नको. बाकीच्यांनीही खुशाल वाचा, पण 'तुमच्यात असंच असतं' म्हणत येऊ नका. तुमच्या भजनी मंडळातलंही आम्हाला ऐकू येतं.

रेल्वेलाईन्सवाला:
बहिणीसाठी स्थळ बघत होतो. मुलाच्या बायोडेटात 'जात मानत नाही' असं ठळक अक्षरात. चहा-पोहे झाले, प्रार्थना झाली, आमच्या घरावर आशीर्वादही मागून झाला. मग मुलाचे काका हळूच म्हणाले, "मूळ कुठलं तुमचं?" बाबा म्हणाले, बार्शी. "तसं नव्हे हो, त्याच्या आधीचं." बाबांनी आयुष्य गिरणीत काढलेलं, असले प्रश्न त्यांना नवे नाहीत. म्हणाले, "त्याच्या आधी वैराग." काकांना हवं ते उत्तर मिळालं नाही, आम्हाला होकार मिळाला नाही. बहीण मजेत आहे, काळजी नसावी.

कुंपणावरचा:
लहानपणापासून उपासनेला जातो, पण बाप्तिस्मा घेतलेला नाही. श्रद्धा कमी म्हणून नव्हे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंपुरता ठेवला. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की दाखला गेला आणि दाखल्यावरची नोकरी धोक्यात. घरात कमावता मी एकटा. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी जागेवर बसून राहतो, त्याचं काही वाटत नाही, बाप्तिस्मा नसेल तर घ्यायचं नाही असा नियम आहे. पण 'दोन दगडांवर पाय ठेवलाय' म्हणून ऐकवणारेच त्या पगारातला दशांश महिन्याच्या महिन्याला घेतात. उशीर झाला तर फोन येतो!

जुना वाचक:
कुंपणावरचे दादा, रविवारी आपण ज्यांची भजनं गातो त्या ना. वा. टिळकांचं सांगतो. 1895 ला बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र. आज टिळक आपल्या कमिटीपुढे आले असते तर 'विषय पुढच्या मीटिंगला घेऊ' म्हणून त्यांना परत पाठवलं असतं. भजनं मात्र त्यांचीच लागतात.

होम मैदान:
माझं छोटंसंच. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्यात बसलो म्हणून संडे स्कूलमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं होतं. सरांना कुणी सांगितलं? सरांनीच पाहिलं. सर तिथं काय करत होते बे, हे विचारायची हिंमत तेव्हा नव्हती.

पाळककन्या:
सगळे पाळकांवर लिहितील, म्हणून दुसरी बाजू. आम्ही चर्चच्या आवारातल्या घरात राहायचो. दोरीवर काय वाळतंय ते येणारा-जाणारा बघायचा. माझी जीन्स कमिटीच्या मीटिंगमध्ये पोचली, तीही 'इतर विषय' या सदरात. पप्पांनी दोरी मागच्या बाजूला बांधली. त्याच काळात त्यांचा पगार थकला होता, तो मात्र कुठल्याच सदरात बसला नाही.

जुळे सोलापूर:
आमच्या महिला उपवास प्रार्थनेत 'प्रार्थनेचा विषय' म्हणून एक प्रकार असतो. माझं नवऱ्याशी पटत नव्हतं, माहेरी आले होते. जवळच्या एका ताईंना सांगितलं, कुणाला बोलू नका म्हणाले. पुढच्या बुधवारी त्यांनी डोळे मिटून, गळा दाटून, "आपल्यातल्या एका भगिनीचा संसार, जी आसरा चौकाजवळून माहेरी आली आहे" अशी सुरुवात केली. नाव घेतलं नाही, फक्त पत्ता दिला. मग प्रत्येकीने आपापल्या प्रार्थनेत थोडी थोडी भर घातली. एकीने तर माझ्या सासूच्या वतीने क्षमाही मागून टाकली. तिची माझ्या सासूशी ओळखसुद्धा नाही! आमेन झाल्यावर सगळ्या माझ्याकडे बघून गोड हसल्या, शेंगाचटणी पुढे केली. वाईट बायका नाहीत हो त्या. आई दवाखान्यात होती तेव्हा पाळीपाळीने डबे यांनीच आणले. म्हणूनच भांडताही येत नाही.

मोदीतली मावशी:
जुळे सोलापूर, आमच्याकडेही हेच होतं बाई. शेवटी नियम केला: जी हजर नाही तिच्याबद्दल प्रार्थना करायची तर आधी तिला विचारायचं. पहिल्याच बुधवारी प्रार्थना वीस मिनिटांत आटोपली. दार उघडून बाहेर आलो तर रिक्षावाला म्हणतो, "आज काय सुट्टी हाय का?"