इमारत-पाहणीसाठी मोठ्या पडद्याचा महाग फोन: कोणती तडजोड पत्करावी?

चिरेबंदी (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. मी स्थापत्य अभियंता असून गिरगाव, लालबाग आणि परळ भागांतील जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीचे काम करतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार बंधनकारक आहे. पाहणीच्या वेळी फोन हेच माझे वहीपेन, कॅमेरा आणि नकाशांचे बाड असते. तोच फोन संध्याकाळी लोकलमध्ये एका हाताने धरून अहवालाचे मसुदे वाचण्यासाठीही लागतो.

आता फोन बदलायची वेळ आली आहे. दीड लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे आणि तो फोन निदान पाच वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे. सॅमसंग गॅलेक्सी एस 25 अल्ट्रा, आयफोन 16 प्रो मॅक्स आणि वनप्लस 13 हे तीन फोन मी हाताळून पाहिले. बाजारात आले तेव्हा त्यांच्या किमती अनुक्रमे 1,29,999, 1,44,900 आणि 69,999 रुपयांपासून सुरू होत होत्या. पहिल्यात लेखणी आहे, परंतु बॅटरी 5000 एमएएचवरच थांबलेली आहे. दुसऱ्याचा व्हिडिओ उत्तम आहे, पण त्यावर लेखणीने लिहिता येत नाही आणि वजन 227 ग्रॅम आहे. तिसऱ्यात 6000 एमएएचची बॅटरी असून किंमत जवळपास निम्मी आहे, मात्र त्याचा दूरचा कॅमेरा तीनपटच आहे.

एवढे पैसे मोजूनही प्रत्येक ठिकाणी काही ना काही सोडावे लागते, हे मी समजून चाललो आहे. नेमके काय सोडले तर कामाचे नुकसान होणार नाही, हे ज्यांनी असे फोन कामासाठी वापरले आहेत त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे. गच्चीच्या कठड्याखालचे तडे रस्त्यावरून टिपणे आणि नकाशावर जागेवरच खुणा करणे, या दोन गोष्टी मला रोज लागतात.

प्रकाशमापक (विलेपार्ले)

आपण कामाचे स्वरूप सांगितल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तड्यांच्या छायाचित्रांचा मुद्दा मी आधी घेतो, कारण जाहिरातींतील मेगापिक्सेलचे आकडे याच बाबतीत सर्वाधिक दिशाभूल करतात.

समजा, आपण पंधरा मीटर अंतरावरून चौथ्या मजल्याच्या सज्जाचा फोटो घेत आहात. एस 25 अल्ट्राच्या पाचपट लेन्समध्ये (35 मिमी फिल्मच्या मापाने नाभीय अंतर 111 मिमी) सुमारे 4.7 मीटर रुंदीचा भाग मावतो. फोन नेहमीप्रमाणे 12 मेगापिक्सेलचा फोटो साठवत असेल, तर एका पिक्सेलच्या वाट्याला भिंतीचा साधारण 1.15 मिलिमीटर भाग येतो. आयफोन 16 प्रो मॅक्सची पाचपट लेन्स 120 मिमीची आहे आणि तिचा सेन्सरच 12 मेगापिक्सेलचा आहे. तिथे हेच माप 1.07 मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे कागदावर 50 आणि 12 मेगापिक्सेल असा मोठा फरक दिसत असला, तरी रोजच्या वापरात दोघे जवळजवळ बरोबरीत आहेत. सॅमसंगच्या सेन्सरचे सर्व पिक्सेल वापरले आणि ऊन चांगले असले, तरच तो पुढे जाऊन अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ पोहोचतो. वनप्लस 13 च्या तीनपट लेन्समध्ये (73 मिमी) हेच माप 12 मेगापिक्सेलच्या फोटोत 1.7 मिलिमीटरच्या घरात जाते.

आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात सर्वसाधारण परिस्थितीत काँक्रीटच्या पृष्ठभागावरील भेगेची रुंदी 0.3 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे म्हटले आहे. गडद भेग तिच्या रंगामुळे एका पिक्सेलपेक्षा बारीक असूनही रेघेसारखी दिसू शकते, परंतु तिची रुंदी त्या फोटोवरून मोजता येत नाही. रस्त्यावरून मोजमाप करण्याची आशा तिन्ही फोनच्या बाबतीत सोडून द्यावी. भेग कोठे आहे आणि कोणत्या दिशेने गेली आहे, एवढे नोंदवण्यासाठी मात्र पाचपट लेन्स तीनपटीपेक्षा निश्चितपणे उजवी ठरते. आपल्या कामात हा फरक रोज जाणवेल.

आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. प्रकाश कमी असला किंवा वस्तू फार जवळ असली, की बहुतेक फोन दूरची लेन्स गुपचूप बाजूला ठेवतात आणि मुख्य कॅमेऱ्याचा फोटो कापून मोठा करून दाखवतात. जुन्या चाळींच्या अंधाऱ्या जिन्यांत आणि डक्टमध्ये हे हमखास घडते. दुकानात पाचपटीवर ठेवून मुख्य लेन्स बोटाने झाकावी. पडद्यावरचे चित्र झाकले गेले, तर फोन दूरची लेन्स वापरत नाही, हे लगेच समजते.

वहीपेन (दादर)

प्रकाशमापक यांचे गणित पटले, परंतु मूळ गृहीतकाविषयीच मला शंका आहे. मोठा पडदा हवा, हे आपण सर्वांनी न तपासता मान्य केले आहे.

नकाशाचेच उदाहरण घेऊ. ए 1 आकाराचा कागद 841 बाय 594 मिलिमीटरचा असतो. 6.9 इंचाचा पडदा आडवा धरला, तरी त्याची उंची जेमतेम 73 मिलिमीटर भरते, म्हणजे पूर्ण नकाशा सुमारे आठपट लहान होऊन दिसतो. नकाशावरील 2.5 मिलिमीटर उंचीची अक्षरे 0.3 मिलिमीटरची होतात. 6.3 इंचाच्या फोनवर तीच 0.28 मिलिमीटरची होतील. दोन्ही अवाचनीयच आहेत, त्यामुळे दोन्ही ठिकाणी नकाशा मोठा करून सरकवत बसावे लागणार. क्षेत्रफळ वीस टक्क्यांनी वाढते हे खरे, पण त्याचे मोल आपण रुंदीच्या आणि वजनाच्या रूपाने दिवसभर देत राहता. एस 25 अल्ट्रा आणि 16 प्रो मॅक्स दोन्ही 77.6 मिलिमीटर रुंद आहेत. लहान 16 प्रो 71.5 मिलिमीटर आहे. सहा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने कड्याला धरलेले असताना दुसऱ्या हाताचा अंगठा पडद्याच्या पलीकडच्या कडेला पोहोचतो की नाही, हे एवढ्याशा अंतरावरच ठरते. त्यात कव्हरचे वजन आणि जाडी वेगळी.

त्याऐवजी लहान फोन आणि सोबत लेखणीचा टॅब्लेट, असा विचार आपण का करत नाही? गॅलेक्सी टॅब एस 9 ला 11 इंचाचा पडदा, लेखणी आणि धूळ-पाण्यापासून आयपी 68 दर्जाचे संरक्षण आहे. वजन अर्ध्या किलोच्या आत आहे. किंवा घडीचा फोन पाहावा, ज्यात आठ इंचांचा पडदा खिशात मावतो.

ऊष्मांक (मुलुंड)

वहीपेन यांच्या टॅब्लेटच्या सूचनेत तथ्य आहे, घडीच्या फोनच्या सूचनेत मात्र मला धोका दिसतो. गॅलेक्सी झेड फोल्ड 7 चे संरक्षण आयपी 48 दर्जाचे आहे. यातील पहिला आकडा घन कणांसाठी असतो आणि 4 चा अर्थ एवढाच, की एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण आत जाणार नाहीत. गिलाव्याची आणि सिमेंटची धूळ त्याहून कितीतरी बारीक असते. शिवाय या पिढीत सॅमसंगने घडीच्या फोनमधून लेखणीची सोय काढून टाकली आहे. धूळ आणि लेखणी या दोन्ही कसोट्यांवर तो फोन चिरेबंदी यांच्यासाठी बाद ठरतो.

आयपी 68 मधील 6 म्हणजे धुळीपासून पूर्ण संरक्षण, आणि पुढचा 8 पाण्यासाठी. ही चाचणी गोड्या पाण्यात होते, आणि पाण्याने झालेली हानी उत्पादक सहसा वॉरंटीत धरत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. गिरगाव चौपाटीच्या बाजूला खाऱ्या वाऱ्यात काम करणाऱ्याने फोनचे पोर्ट कोरड्या कापडाने पुसण्याची सवय ठेवावी आणि ओलावा असताना केबल लावू नये.

आता उष्णतेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरेदी करताना तिचा विचार फारच कमी लोक करतात. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी 0 ते 35 अंश सेल्सिअस हे वातावरणाचे तापमान सांगितले आहे. मे महिन्यात मुंबईतील गच्चीवर, पत्र्याजवळ किंवा तापलेल्या स्लॅबवर उभे असताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. फोन तापला, की तो स्वतःच्या बचावासाठी पडद्याची चमक कमी करतो. जाहिरातीत चमकेचे 2600 किंवा 4500 निट्स (चमक मोजण्याचे एकक) असे जे आकडे असतात, ते पडद्याच्या लहानशा भागासाठी आणि थोड्या वेळासाठी असतात. अर्धा तास उन्हात नकाशा पाहणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. त्यापेक्षा काचेवरून होणारे परावर्तन कमी असणे अधिक मोलाचे आहे. एस 24 अल्ट्रापासून सॅमसंग या मालिकेत परावर्तन कमी करणारी काच वापरते. माझ्या मते उन्हात काम करणाऱ्यासाठी हा एस 25 अल्ट्राचा लेखणीइतकाच मोठा गुण आहे, आणि तो नंतर काच चिकटवून मिळवता येईलच असे नाही. उलट साधी संरक्षक काच चिकटवली, तर मूळ काचेचा फायदा बराच नाहीसा होतो.

चौकटीच्या धातूचाही उष्णतेशी संबंध आहे. टायटॅनियम मजबूत असले, तरी उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या फार मागे आहे. ॲपलने 17 प्रो मालिकेत ॲल्युमिनियमकडे परत जाऊन बाष्पकक्ष (द्रवाच्या वाफेने उष्णता पसरवणारी चपटी पोकळी) बसवला, त्यामागे हेच कारण होते. सलग व्हिडिओ चित्रित करायचा असेल, तर टायटॅनियमच्या आकर्षणाला फारसे महत्त्व देऊ नये.

बॅटरीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. वनप्लस 13 मधील 6000 एमएएच ही बॅटरीच्या ऋणाग्रात (ऋण टोकात) ग्रॅफाइटसोबत सिलिकॉन वापरल्यामुळे शक्य झाली आहे. सिलिकॉन लिथियम फार मोठ्या प्रमाणात सामावून घेते, मात्र ते करताना पुष्कळ फुगते, म्हणून त्याचा वापर कार्बनच्या आधाराने आणि मर्यादित प्रमाणात करतात. तो फोन चांगला आहे आणि चार्जिंगही वेगाने होते. पण पाच वर्षांचा हिशेब करताना कंपनीने त्याला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षे सुरक्षा-सुधारणा देऊ केल्या आहेत, तर सॅमसंगने सात आवृत्त्या आणि सात वर्षे, हा फरकही पाहावा. बॅटरी कोणत्याही फोनमध्ये तीन-चार वर्षांनी बदलावी लागेल आणि ती बदलता येते. दिवसभरात कमी पडली, तर पॉवर बँक आहे. फक्त सॅमसंगचा 45 वॅटचा वेग हवा असेल, तर चार्जर पीपीएस पद्धतीचा (फोनच्या गरजेनुसार व्होल्टेज बदलणारा) आणि केबल पाच अँपिअरची असावी लागते. चार्जर खोक्यात मिळत नाही.

माझे म्हणणे असे, की पैसे देऊन नंतर भरून काढता येईल अशा उणिवेवर फोन नाकारू नये. रुंदी, वजन, काच, लेन्स आणि पडद्याखालचा लेखणी ओळखणारा थर या गोष्टी एकदा घेतल्या की शेवटपर्यंत तशाच राहतात. साठवणही याच यादीत येते, कारण एस 21 मालिकेपासून सॅमसंगने या फोनांतून मेमरी कार्डाची जागा काढून टाकली आहे. म्हणून 256 ऐवजी 512 जीबी घेण्याचा विचार अवश्य करावा.

वहीपेन (दादर)

घडीच्या फोनविषयीचा आक्षेप मान्य आहे. सिमेंटच्या धुळीचा विचार करता ती सूचना मी मागे घेतो. परंतु एक मुद्दा राहून गेला. ओएलईडी पडद्यांची चमक कमी करण्यासाठी ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केले जातात. सॅमसंग आणि ॲपलमध्ये ही वारंवारता काहीशेंच्या पातळीवर असते, तर काही चिनी कंपन्या ती 2160 किंवा त्याहून अधिक ठेवतात. अनेकांना काहीच जाणवत नाही, पण काहींचे डोळे दुखतात किंवा डोके जड होते. आपण संध्याकाळी लोकलमध्ये कमी प्रकाशात तासभर वाचता, म्हणून दुकानात चमक अगदी कमी करून थोडा वेळ मजकूर वाचून पाहा. डोळ्यांना त्रास झाला, तर बाकीचे सर्व गुण व्यर्थ आहेत.

चिरेबंदी (डोंबिवली)

सर्वांचे मनापासून आभार. वहीपेन, आपले नकाशाचे गणित अगदी बरोबर आहे. पूर्ण नकाशा मी फोनवर पाहत नाही. एकेका खोलीचा भाग मोठा करून त्यावर भेगेची जागा आणि दिशा आखतो. ते काम शिडीवर किंवा अरुंद जिन्यात उभे राहून, एका हातात फोन धरून करावे लागते आणि तिथे अकरा इंचांचा टॅब्लेट सांभाळता येत नाही. बोटाने आखलेली रेघ कार्यालयात परतल्यावर कोणालाच कळत नाही, लेखणीची कळते. पाऊस पडत असताना पडद्यावर थेंब असले, की बोटाचा स्पर्श भरकटतो, हा अनुभव तर नेहमीचाच आहे.

त्यामुळे माझा कल एस 25 अल्ट्राकडे आहे. रुंदी आणि चार्जिंगचा वेग या दोन तडजोडी मी पत्करतो. दोन शंका उरल्या आहेत. या पिढीत लेखणीतील ब्लूटूथ काढले आहे, त्याचा कामावर किती परिणाम होईल? आणि शिडीवर असताना फोन लोखंडी खांबाला टेकवून ठेवता यावा, म्हणून चुंबक असलेले कव्हर वापरले तर चालेल का?

ऊष्मांक (मुलुंड)

ब्लूटूथ गेल्यामुळे लेखणीचे बटण दाबून दुरून फोटो काढण्याची सोय गेली. लिहिण्यावर काहीही परिणाम नाही. लिहिण्यासाठी लागणारी ऊर्जा लेखणीला पडद्याखालच्या थरातील विद्युतचुंबकीय क्षेत्रातून मिळते, तिला बॅटरीची गरज नसते. ओल्या पडद्यावरही ती बोटापेक्षा अधिक भरवशाची ठरते, ती याच कारणामुळे. डक्टमध्ये काठीला फोन बांधून फोटो घेत असाल, तर वेगळा ब्लूटूथ रिमोट घ्यावा.

चुंबकाचे कव्हर मात्र टाळावे. तोच थर चुंबकाच्या सान्निध्यात गडबडतो आणि पडद्याच्या तेवढ्या भागात रेघ तुटते किंवा वाकडी उमटते. शिडीसाठी दोरी ओवण्याची भोके असलेले जाड कव्हर घ्या, दोरी मनगटात अडकवा आणि लेखणी खोबणीत परत घालण्यापूर्वी पुसून कोरडी करा.