न्युएसेस १८६२: कत्तल म्हणायची की लढाई?

रानभैरी:
अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोहून फ्रेडरिक्सबर्गला जाताना कम्फर्ट गावात थांबलो. साधा चुनखडीचा स्तंभ, त्यावर नावं आणि ‘युनियनशी निष्ठा’ (युनियन म्हणजे अखंड अमेरिका) असं जर्मनमध्ये कोरलेलं, शेजारी अर्ध्यावर उतरवलेला झेंडा, तारे मोजले तर ३६च, कारण १८६६ला स्तंभ उभारला तेव्हा राज्यं तेवढीच होती. १८६१ला गुलामगिरीवाली दक्षिणेतली राज्यं युनियनमधून फुटून ‘कॉन्फेडरेट’ झाली, त्यांच्यासोबत टेक्सस फुटलं तेव्हा फ्रेडरिक्सबर्गच्या गिलेस्पी काउंटीत शंभरातल्या ९६ जणांनी विरोधात मत दिलेलं, बहुतेक जर्मनीतून येऊन वसलेले. पुढच्या वर्षी कॉन्फेडरेट फौजेत सक्तीची भरती आली म्हणून त्यांच्यातले साठ-पासष्ट जण मेक्सिकोकडे निघाले आणि १० ऑगस्टला न्युएसेस नदीकाठी कॉन्फेडरेट घोडेस्वारांनी त्यांना पहाटेच्या अंधारात गाठलं. १९ मेले, ९ जखमींना नंतर गोळ्या घातल्या, प्रेतं तशीच उघड्यावर. युद्ध संपल्यावर १८६५ला घरच्यांनी जाऊन हाडं गोळा करून आणली. कत्तल नाही तर काय ही?

खडूस_काका:
एकतर्फी सांगताय राव. बंदुका घेऊन, म्होरक्या निवडून निघालेली टोळी होती ती, आणि ऐन युद्धात शत्रूला, म्हणजे युनियनला, मिळायला चाललेत म्हटल्यावर कुठलं सरकार गप्प बसेल? समोरचेही काही मेले, ते काय उन्हाने? लढाईच.

रानभैरी:
चकमक मान्य काका. पण जखमींचं काय? कॉन्फेडरेटांच्याच बाजूने तिथे असलेल्या एका इंग्रजाने आठवणींत त्याबद्दल संताप व्यक्त केलाय.

तिसरी_घंटा:
दोघंही जर्मनांना फारच एकजीव धरताय. १८५४ला सॅन अँटोनियोत त्यांच्यातल्या काहींनी गुलामगिरी वाईट असा ठराव केला तर बाकीचे जर्मन वैतागले, उगाच संशय ओढवून घेताय म्हणून. कॉन्फेडरेट फौजेतही जर्मन होतेच की. आणि जमीन मुळात कोमँची या मूळनिवासी जमातीची, १८४७ला जर्मन वसाहतीचा म्होरक्या मॉइझेबाखने त्यांच्याशी तह केला त्याचं कौतुक सगळे करतात, पण १८७५पर्यंत शेवटचे कोमँचीसुद्धा रिझर्वेशनवर, म्हणजे सरकारने नेमून दिलेल्या राखीव जमिनीवर, गेलेले. त्यांचा स्तंभ कुठाय?

खडूस_काका:
मुद्दा बरोबर, पण वेगळा धागा काढा. इथे ९ जखमींपुरतं मी खून म्हणेन, बाकी २८च्या २८ना हुतात्मा करू नका.

रानभैरी:
गंमत म्हणजे स्तंभावरही तसंच आहे. एका बाजूला ‘न्युएसेसवर पडले’, दुसरीकडे ‘पकडून खून केला’, आणि ऑक्टोबरात मेक्सिकोच्या सीमेवरची रिओ ग्रांडे नदी ओलांडताना मेलेले आणखी वेगळे. हाडं गोळा करणाऱ्यांनीच हा फरक कोरून ठेवलाय.

खडूस_काका:
हे आधी सांगायला काय झालं होतं? फोटो टाका.