मदत हवी आहे: सिंगापूर ते क्वालालंपूर, वाटेत मलाक्कात एक मुक्काम

मंडळी, जानेवारीत मैत्रीण आणि मी सॅक पाठीला लावून सिंगापूरहून क्वालालंपूरला बसने जातोय. विमान सोडून बस धरली ती मलाक्कासाठीच. गोवा जिंकल्यावर वर्षाच्या आत, १५११ मध्ये, पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने हे बंदर घेतलं. पुढे १६४१ मध्ये डच आले, मग इंग्रज. जुन्या गोव्यात सेंट झेवियरचा देह ठेवलेली चांदीची पेटी पाहिली आहे. तो देह गोव्याला आणण्याआधी काही महिने इथल्या सेंट पॉल टेकडीवर पुरला होता. ती रिकामी कबर बघायचीच आहे, बाकी जमेल तेवढं.

अडचण अशी की आम्ही मंगळवारी दुपारी पोहोचणार आणि जाँकर स्ट्रीटचा रात्रबाजार भरतो शुक्रवार ते रविवार. बेत पुढे ढकलून शुक्रवार गाठावा का? पण शनिवार-रविवारी डॉर्मचे दर चढतात म्हणे. शिवाय मैत्रीण पक्की शाकाहारी, अंडंही खात नाही. तिचे खायचे हाल होतील का?

प्रतिसाद १
मंगळवारच ठेवा. काही कॅफे बंद मिळतील, पण गल्ल्यांतून निवांत चालता येईल. रात्रबाजारात निम्मा माल मोबाइलच्या कव्हरांचा असतो, त्यासाठी बेत मोडू नका. बस मेलाका सेंट्रल या बसस्थानकावर सोडते, ते जुन्या गावापासून लांब आहे. तिथून जुन्या गावातल्या डच चौकात जाणारी बस मिळते. दोघी आहात तर ग्रॅबही (ॲपवरून बोलवायची टॅक्सी) परवडेल. आधी सॅक मुक्कामी टाका. टेकडीवर ऊन उतरल्यावर चढा. वरच्या सेंट पॉल चर्चला आता छप्पर नाही, नुसत्या भिंती आणि त्यांना टेकवलेल्या डचांच्या भल्याथोरल्या कबरशिळा. झेवियरच्या रिकाम्या कबरीवर जाळी आहे. बाहेर झेवियरचा पुतळा आहे, त्याला उजवा हात नाही. तो झाड पडून तुटला म्हणतात. गंमत म्हणजे खऱ्या देहाचाही उजवा हात कापून रोमला नेलेला आहे! परतताना दुसऱ्या अंगाने उतरा, म्हणजे पोर्तुगीज किल्ल्याचा उरलेला दरवाजा लागेल. दिवे आणि दणदणीत गाणी लावलेल्या सायकलरिक्षा दिसतील. बसायची हौस असेल तर भाडं आधी ठरवा.

प्रतिसाद २
ताई, सीमेवर सांभाळा. मलेशियाच्या बाजूला सगळं सामान घेऊन उतरावं लागतं आणि तपासणीला उशीर झाला तर बस थांबेलच असं नाही. बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरा.
खाण्याचं म्हणाल तर खरी गोम बलाचानची, म्हणजे आंबवून सुकवलेल्या बारीक कोळंबीच्या लगद्याची. तो सांबलात, म्हणजे इथल्या मिरचीच्या चटणीत असतो आणि नुसत्या परतलेल्या पालेभाजीतही घालतात. तेव्हा 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कोळंबी नको हेही सांगा. केळीच्या पानावर वाढणारी तमिळ खानावळ शोधा, तिथे डाळ-भाताची चिंता नाही. दुपारी चेंदोल खा: बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वर ताडगुळाचा पाक.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचे आभार! मंगळवार नक्की. बुधवारी दुपारच्या बसपर्यंत अर्धा दिवस आहे. नदीतली बोट की बाबा-न्योन्या (इथे स्थायिक झालेल्या जुन्या चिनी कुटुंबांचे वंशज) घराचं संग्रहालय?

प्रतिसाद १
संग्रहालय. बोट अंधारात, दिवे लागल्यावर बरी, ती मंगळवारी रात्रीच उरका. आणि सकाळी लवकर गणपतीचं देऊळ करा. १७८१ चं आहे, चेट्टी तमिळांचं. त्याच रस्त्याने पुढे कांपुंग क्लिंग मशीद आणि चेंग हून तेंग हे चिनी मंदिर लागतं. तिन्ही पायी होतात.