शाहीर अमर शेख यांना समोर बसून ऐकलेलं कुणी आहे का?

बार्शीचा_पोरगा: २० ऑक्टोबरला शाहिरांची जयंती. आमच्या गल्लीतली पोरं मिळून छोटासा कार्यक्रम करतोय. पण 'संयुक्त महाराष्ट्राचे शाहीर' याच्या पुढं आमचं घोडं जाईना. जन्म इथला, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, आई मुनेरबी ओव्या म्हणायच्या, मोटारीवर क्लीनर होते, मग गिरणीत. एवढं गोळा झालंय. कुणी प्रत्यक्ष ऐकलंय का? आणि ते अचानक गेले तेव्हा काय झालं होतं?

लालबागची_मावशी: ऐकलंय रे बाळा. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर. सभा असली की मला खांद्यावर घेऊन जायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण तो आवाज छातीत वाजायचा. मागे चणे विकणारासुद्धा हात थांबवून उभा राहायचा.

१९६९ साल वाईटच. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ साठे. ती दोन दुःखं पचतायत तोवर २९ ऑगस्टला इंदापूरजवळ अपघात! वय अवघं बावन्न. वडिलांना वाचता यायचं नाही. त्यांनी शेजारच्या काकांकडून ती बातमी तीनतीनदा वाचून घेतली. नाव चुकलं असेल, दुसरा कुणी शेख असेल, असं म्हणत राहिले. जेवले नाहीत त्या रात्री.

आता माझं ऐक. पोवाडे सगळेच लावतात. तुम्ही त्यांच्या 'कलश' नाहीतर 'धरतीमाता' या कवितासंग्रहातली एखादी कविता मुलांकडून म्हणून घ्या. आवाज इतका मोठा होता की त्यामागचा कवी कुणाला दिसलाच नाही. मलाही ती पुस्तकं वाचली तेव्हाच दिसला. आणि भाषणं कमी ठेवा, पुढाऱ्यांची तर नकोतच.

डफवाला: मावशींशी सहमत. फक्त पत्रिका छापताना एक सांभाळा. 'माझी मैना' ही लावणी अण्णाभाऊंची आहे. अमर शेखांनी ती गाऊन गावोगाव पोचवली, म्हणून लोक सर्रास त्यांच्या नावावर टाकतात. दोघं कम्युनिस्ट चळवळीच्या लाल बावटा कलापथकात बरोबर होते, शाहीर द. ना. गव्हाणकरही. ती तिन्ही नावं येऊ द्या.

वाचनवेडी: मलिका अमर शेख या त्यांच्या कन्या, स्वतः मोठ्या कवयित्री. त्यांचीही एक कविता ठेवा की.

बार्शीचा_पोरगा: मावशी, वडिलांची गोष्ट कार्यक्रमात सांगितली तर चालेल का? तुमचं नाव घेणार नाही. 'कलश' इथल्या वाचनालयात विचारतो. डफवाले दादा, पत्रिका अजून छापायची आहे, बरं झालं वेळेत बोललात. तुम्ही सोलापूरकडचे असाल तर डफ घेऊन याच, आमच्याकडं वाजवणारा कुणी नाही.

लालबागची_मावशी: सांग की. पण ते साचेवाले होते हे आधी सांग.