मदत हवी आहे: एडिटर लिंक बदलतो आणि कमिशन बुडतं

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. माझ्या स्वयंपाकाच्या साइटवर पुरणयंत्र, बिडाचा तवा असल्या वस्तूंच्या अॅफिलिएट लिंक देते (त्यावरून कुणी खरेदी केली की मला कमिशन मिळतं). महिन्याचं गॅस सिलिंडर सुटेल इतकं कमिशन यायचं. दिवाळीपासून क्लिक तेवढेच, पैसे जवळपास शून्य.

काल रात्री सराफ्यातून, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, परतल्यावर (भुट्ट्याचा कीस अंगावर आला होता, झोप कुठली!) कोड उघडला. माझ्या लिंकमध्ये आधी वस्तूचा क्रमांक, मग '&', मग माझा टॅग (विक्री माझ्यामुळे झाली हे सांगणारी खूण) असतो. एचटीएमएलमध्ये (पानाच्या कोडमध्ये) '&' चं '&एएमपी;' होणं बरोबरच, ब्राउझर ते उलगडून पुन्हा '&' करतो. पण पोस्ट लिहायचा हा एडिटर, व्हिज्युअलमधून (पान दिसतं तसं दाखवणाऱ्या खिडकीतून) कोडमध्ये गेलं की, तेच पुन्हा करतो. तीनदा सेव्ह केलेल्या पोस्टमध्ये 'एएमपी;एएमपी;एएमपी;' अशी माळच लागली आहे. वस्तूचं पान नीट उघडतं, म्हणून कळलंच नाही. टॅगचं नाव मात्र बिघडतं आणि विक्री माझ्या खात्यात पडत नाही.

वर नव्या टॅबमध्ये उघडणाऱ्या लिंकला एडिटर आपणहून 'नोरेफरर' हा शब्द चिकटवतो. त्यामुळे ग्राहक कुठून आला ते समोरच्या दुकानाच्या साइटला दिसत नाही. माझा हिशोब टॅगवर चालतो, तरी शंका आहेच.

हे दोन्ही बंद कसं करायचं? आणि दोनशेच्या वर जुन्या पोस्ट बॅकअप घेऊन डेटाबेसमधून एकदम दुरुस्त केल्या आहेत का कुणी? प्लगइन सुचवणार असाल तर स्वतः वापरलेलंच सांगा. होस्टिंगवाले दादा 'कॅशे साफ करा' यापुढे जातच नाहीत.